एकच वर्ष वाचायचं तर १९७२ घ्या

प्रश्न असा आहे: एका वाचकगटाला यंदा लेखक किंवा विषय न घेता मराठीतलं एकच वर्ष घ्यायचंय. त्या वर्षीची पुस्तकं, लेखक, नाटकं, भांडणं, जे असेल ते. वर्ष कोणतं घ्यावं? आणि यादी पुरस्कारांवरून केली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी देतो. नाही चालणार. आणि वर्ष १९७२ घ्या.

मी चौतीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात काढली. त्यातली बरीच वर्षं दर डिसेंबरात एका मासिकासाठी ‘सरत्या वर्षातली पुस्तकं’ असा आढावा लिहायचो. ती कात्रणं आता काढली की वाचवत नाहीत. ज्या कादंबऱ्यांवर मी परिच्छेद खर्ची घातले, त्यांची तारीखपट्टी, म्हणजे पुस्तक घरी नेलं की तारीख मारायची ती चिठ्ठी, पुढे कोरीच राहिली. आणि जे बारके कवितासंग्रह मी ‘याशिवाय’ म्हणून एका ओळीत उरकले, त्यातल्या दोन-तीन संग्रहांवर आता पीएचडीचे प्रबंध होतात. वर्ष चालू असताना त्या वर्षातलं काय मोठं आहे हे कळत नाही, हे मी माझ्याच अक्षरातल्या पुराव्यावरून सांगतोय.

त्यात वर्ष म्हणजे नेमकं कोणतं, हीच मुळात गोची असते. पुस्तकाच्या आतल्या पानावर एक साल छापलेलं असतं. पुस्तक दुकानात येतं ते कधीकधी पुढच्या सालात. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत ते चढतं आणखी नंतर, अनुदानाचा हप्ता आला की. पुरस्कार मिळतो त्याचं साल निराळंच. हा कारकुनी घोळ वाटतो ना? जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ला विचारा. संग्रहाचं साल १९७२, साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ चा. मग पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं, ते मुदतीत बसतं का, अशी कुजबुज सुरू झाली, तिचा वाद झाला, आणि धारवाडला बसलेल्या जीएंनी पुरस्कार सरळ परत केला. एरवी चारचौघांत यायचं टाळणारा माणूस, पण असल्या बाबतीत एक तसूही हलायचा नाही. मराठीतल्या उत्तम कथासंग्रहांपैकी एकाच्या नशिबी तारखेचा वाद यावा, याची मला अजून गंमतही वाटते आणि चीडही येते.

खुद्द १९७२ च्या खात्यावर अकादमीचा पुरस्कार आहे तो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला. पुस्तक १९७० चं. त्यातली हकिकत त्याहून पंचवीस वर्षं जुनी, १९४५ पासूनच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्याची, वेठबिगारीची. आता पुरस्कारांवरून यादी केलीत तर १९७२ मध्ये तुम्हाला तलासरी-डहाणूचं १९४५ सापडेल आणि ‘काजळमाया’ निसटेल. पुस्तक जरूर वाचा, फार मोठं पुस्तक आहे. फक्त ते कोणत्या वर्षाचं, याचं उत्तर सोपं नाही एवढं ध्यानात असू द्या.

मग १९७२ च का? एकाच माणसाच्या मागे वर्षभर चालत गेलात तरी कळेल. तो माणूस विजय तेंडुलकर.

मार्चमध्ये ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखाराम झाले निळू फुले, चंपा लालन सारंग. निळूभाऊ आले होते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून, लोकनाट्यातून. मध्यमवर्गीय नाटकाच्या प्रेक्षकाला हा आवाज, हे बसणं-उठणं सवयीचं नव्हतं. (त्याच वर्षी शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ही आला, त्यातही निळूभाऊ आहेत, आणि संवाद शंकर पाटलांचे. ग्रामीण कथेचा एक बिनीचा लेखक सिनेमाकडे कसा वळला, यावर तुमची एखादी बैठक सहज होईल.) थोडे प्रयोग होतात न होतात तोच परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, कात्री काढली. जे कापायला सांगितलं ते कापलं असतं तर नाटक उरलंच नसतं. सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. पण कोर्टात जिंकल्याने रस्त्यावरचा विरोध थांबत नाही. ती सगळी हकिकत सारंगांनी पुढे ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहिली. नाटकाच्या आधी की नंतर वाचावी? मी म्हणेन नंतर. आधी वाचलीत तर नाटकात फक्त ‘आक्षेपार्ह’ वाक्यं शोधत बसाल.

नाटक आज वाचताना माझं मत बदललं आहे, तेही सांगतो. तरुणपणी सगळा धक्का सखाराम आणि चंपा यांचा वाटायचा: लग्नाची भानगड न ठेवता टाकलेल्या बायका घरी आणणारा, तोंडाने शिवराळ माणूस, आणि दारू पिऊन स्वतःला बधिर करणारी बाई. आता वाटतं, त्या घरातली खरी भीतीदायक व्यक्ती लक्ष्मी आहे. मुंग्यांशी बोलणारी, देवभोळी, सोशिक लक्ष्मी. शेवटच्या प्रसंगात ती ज्या शांतपणे कामाला लागते, ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं होतं. १९७२ च्या भांडणात लक्ष्मीबद्दल फार कमी बोललं गेलं. तुमच्या गटात बायका असतील तर त्यांना आधी बोलू द्या.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात, भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीस मोहन आगाशे. जब्बार आणि आगाशे दोघेही डॉक्टर. कीर्तन, नमन-खेळे, दशावतार यांच्यातून उचललेले तुकडे आणि रंगमंचावर माणसांचीच एक भिंत: कधी ती पडदा होते, कधी ब्राह्मणांची रांग, कधी पुणं शहर. नुसती संहिता वाचून हे नाटक अर्धंही कळत नाही. चित्रीकरण मिळालं तर पाहा, निदान चंदावरकरांचं संगीत तरी ऐका. आणि इथेही तारखेची गंमत आहेच. छापील पुस्तक १९७३ चं. म्हणजे ‘या वर्षीची पुस्तकं’ एवढीच चाळणी लावली तर ‘घाशीराम’ १९७२ मधून गळून पडतं.

ऐतिहासिक घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ मध्ये कोठडीत गुदमरून मेलेल्या तेलंगी ब्राह्मणांच्या प्रकरणानंतर लोकांनी त्याला ठार केलं. या विषयावर मोरोबा कान्होबांचं गद्य पुस्तक १८६३ मध्येच आलं होतं. तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम कसा उभा करते आणि सोय संपल्यावर त्याला गर्दीच्या हवाली कसा करते, हे त्यांना दाखवायचं होतं. पण पुण्यात नाना फडणवीसाला बायांच्या मागे धावताना दाखवणं म्हणजे काय, याचा अंदाज करा. १९ प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, आणि जानेवारी १९७४ पासून ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. एका नाटकावरून एक संस्था दुभंगली आणि दुसरी जन्मली.

तेंडुलकरांचं त्या वर्षातलं तिसरं काम लोक विसरतात. ती एक प्रस्तावना आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाची.

ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे होते. मूळचे पुण्याजवळच्या पूर-कनेरसरचे, वाढले मुंबईत, कामाठीपुऱ्याच्या आसपास, टॅक्सी चालवत. ‘गोलपिठा’ हे त्या वस्तीतल्या नाक्याचं नाव. प्रस्तावना लिहायची म्हणून तेंडुलकर ढसाळांबरोबर ती वस्ती रात्री हिंडले, आणि त्यांनी लपवाछपवी न करता लिहिलं की यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत. इतका नावाजलेला नाटककार, ज्याच्या भाषेवर वर्षभर रान उठलंय, तो तेवीस वर्षांच्या पोरापुढे आपलं अडाणीपण कबूल करतो. मला हा त्या वर्षातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो. सभा नाही, हार-तुरे नाहीत. दोन माणसं रात्री एका गल्लीतून चालली आहेत.

आमच्या ग्रंथालयात ‘गोलपिठा’ची प्रत आली ती तीन वर्षांनी. पुस्तक निवड समितीत एका सद्गृहस्थांनी ते चाळून ‘बालविभाग जवळच आहे हो’ एवढंच म्हटलं आणि पुस्तक कपाटात कुलुपाआड गेलं. मागेल त्याला द्यायचं, असा तोंडी हुकूम. मी तेव्हा नवा, देवघेवीवर बसायचो. मागायला यायचे ते बहुतेक कॉलेजातले, आणि नाव न घेता ‘ते कपाटातलं’ म्हणायचे. एकाने संपूर्ण पुस्तक वहीत उतरवून घेतलं होतं, तिथेच खिडकीशी बसून, पाच-सहा दुपारी.

कवितेबद्दल मी इथे फार लिहीत नाही. मोठ्याने वाचा. अर्थ लागेल न लागेल, पण ज्या मराठीला आपण ‘आपली’ म्हणतो ती किती लहान आवारात वावरत होती, हे कानाला कळेल.

आता त्याच वर्षातला दुसरा कागद: ‘साधना’चा १५ ऑगस्ट १९७२ चा अंक. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. ‘साधना’ म्हणजे साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं साप्ताहिक. त्या वेळी संपादक यदुनाथ थत्ते. हा विशेषांक केला अनिल अवचटांनी, आणि त्यात राजा ढालेंचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख छापला. पार्श्वभूमी ताजी होती. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला दलित स्त्रियांची नग्न विटंबना झाली होती, पुणे जिल्ह्यातल्या बावड्याला दलित वस्तीवर बहिष्कार पडला होता. ढालेंनी हिशेब मांडला: राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर दंड तीनशे रुपये, आणि दलित बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास. मग या ध्वजाचं करायचं काय, असा त्यांनी जो प्रश्न टाकला, त्याची भाषा आजही कुणी छापायला धजेल असं वाटत नाही. गहजब झाला. मोर्चे निघाले, निषेधाची पत्रं आली. टीका करणाऱ्यांत दुर्गा भागवत होत्या. याच दुर्गाबाई तीन वर्षांनी कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध ताठ उभ्या राहिल्या. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. गटात यावर वाद झाला तर होऊ द्या, मिटवू नका.

दलित पँथर या दलित तरुणांच्या लढाऊ संघटनेची स्थापनाही त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातली. कुणी २९ मे सांगतं, कुणी कामाठीपुऱ्यातल्या सिद्धार्थनगरची ९ जुलैची सभा धरतं. पुन्हा तारखेचाच घोळ. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अरुण कांबळे ही सगळी मंडळी आधी लेखक-कवी आणि मग कार्यकर्ते होती, हे अमराठी मित्रांना सांगितलं की ते चकित होतात. साहित्याचा इतिहास आणि चळवळीचा इतिहास इथे दोन वेगळ्या कपाटांत ठेवताच येत नाही. आमच्याकडे वर्गीकरणाच्या नियमाने ते ठेवलेच होते. ‘गोलपिठा’ ८९१.४६ मध्ये, म्हणजे मराठी साहित्यात, आणि पँथरवरची पुस्तकं पार ३०० च्या, म्हणजे समाजशास्त्राच्या रांगेत, दुसऱ्या खोलीत.

पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. जाता जाता एक योगायोग: त्याच १९७२ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये जॉन बर्जरला ‘जी.’ कादंबरीसाठी बुकर मिळालं आणि त्याने अर्धी रक्कम तिथल्या ब्लॅक पँथरना देऊन टाकली. कामाठीपुऱ्यातल्या पोरांना याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. जगाकडे बघायचंच असेल तर त्या वर्षीचं नोबेल हाइनरिश ब्योलला होतं, एवढं पुरे. आपल्या वर्षात त्यापेक्षा जास्त माल आहे.

हे सगळं आभाळातून पडलं असं मात्र समजू नका. १९५८ मध्ये दादरला दलित साहित्य संमेलन झालं होतं, अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चं, नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चं. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवत होते. अनियतकालिकवाल्यांचा, म्हणजे जमेल तेव्हा छोटे बंडखोर अंक काढणाऱ्यांचा, १९६९ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकाचा अंक जाळून झाला होता. म्हणजे ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन गिरगावात खटाववाडीत बसून एकेका कथेवर शाईने बारीक काम करतायत, आणि बाहेर त्याच मासिकाची होळी. गंमत अशी की दोन्ही बाजू आपापल्या जागी साहित्याचंच काम करत होत्या. मी ‘सत्यकथे’चे बांधीव खंड वर्षानुवर्षं हाताळलेत, त्यांना नुसतं ‘प्रस्थापित’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्यातले दहा अंक तरी वाचलेत का, अशी मला शंका असते. तुमच्या गटाने निदान १९७२ चे बारा वाचावेत.

आणि त्या वर्षी अखिल भारतीय साहित्य संमेलन कुठे झालं? झालंच नाही. १९६९ ला वर्ध्यात पु. शि. रेगे अध्यक्ष होते, त्यानंतरचं थेट १९७३ ला यवतमाळला, ग. दि. माडगूळकरांचं. मधली तीन वर्षं मांडव नाही, परिसंवाद नाही, जेवणावळीवरून तक्रारी नाहीत. ज्या वर्षी मराठी साहित्यात इतकं काही घडलं त्या वर्षी संमेलनच नव्हतं, हे मी दरवर्षी संमेलनाच्या सुमारास कुणाला ना कुणाला ऐकवतो आणि शिव्या खातो.

एक गोष्ट मात्र त्या वर्षीच्या पुस्तकांत जवळजवळ दिसत नाही, ती म्हणजे दुष्काळ. महाराष्ट्रात ‘बहात्तरचा’ म्हटलं की पुढे दुष्काळ हा शब्द उच्चारावाही लागत नाही. खडी फोडायला गेलेली गावंच्या गावं, पाझर तलावांची कामं, अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी. माझी आई मिलोच्या भाकरीचा रंग शेवटपर्यंत विसरली नव्हती. रोजगार हमीची मुळं तिथलीच. पण छापील साहित्यात हे यायला वेळ लागला. जो खडी फोडत होता त्याच्या हातात लेखणी यायची होती, किंवा त्याच्या पोराच्या. त्यामुळे एक बैठक पुस्तकाशिवाय ठेवा. तुमच्या गावात सत्तरी ओलांडलेली दोन-चार माणसं असतील, त्यांना बोलवा आणि गप्प बसून ऐका.

साहित्य मिळवायचं कुठून? शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे आमचं दैवत, पण ती १९५० ला थांबते, बहात्तरला उपयोगी नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना द्यायची असते. त्यातलं आपल्या जवळचं मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, टाउन हॉलमधलं. कायदा आहे म्हणून सगळेच प्रती पाठवतात असा गैरसमज करून घेऊ नका. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर ही जुनी घरं आहेत, तिथे नियतकालिकांचे बांधीव खंड मागा. जिल्ह्याच्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयातही विचारा. सेवकाला ‘१९७२ चे दिवाळी अंक’ म्हणून विचारलंत तर तो नाही म्हणेल, कारण ते बहुधा बिनदाखल, माळ्यावर, सुतळीने बांधलेले असतात. ‘माळ्यावर बघू का?’ असं विचारा.

आणि खंड हातात आले की लेखांआधी जाहिराती आणि वाचकांची पत्रं वाचा. नव्या पुस्तकांच्या जाहिरातीत कोणाचं नाव ठळक आहे आणि कोणाचं तळाला बारीक टाइपात, तेवढं टिपून ठेवा. पहिल्या बैठकीला ती यादी आणि ‘गोलपिठा’ची प्रत शेजारी शेजारी ठेवा. वाचायला सुरुवात तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने करा, आणि जे शब्द त्यांना अडले त्यातले तुम्हाला किती अडतात ते मोजा.